जमीन पोटखराब कोणी केली?

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. राई गावातल्या एका विद्यार्थिनीने प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेली मातीची दोन ढेकळे आणून ठेवली. एक त्यांच्या भातखाचरातले, दुसरे बंद पडलेल्या मिठागरातले. "सर, बाबा बोलतात, ही मिठागराची माती मेलेली हाय. मेलेली म्हणजे नक्की काय, ते इथं कळेल का?"

प्रश्न साधा होता. पण त्या दिवशी मला तास नीट घेता आला नाही. मातीला लावलेला 'मेलेली' हा शब्द माझ्या घरचाच होता.

मी मूळचा इकडचा नव्हे. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यातल्या एका गावातला. भाईंदरजवळच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि राईत भाड्याच्या खोलीत राहतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नव्हते. आजोबांना भूमिहीनांच्या चळवळीनंतर दोन एकर गायरानाचा पट्टा मिळाला होता. जमीन हलकी होती, पण ज्वारी-तूर देत होती. पुढे शेजारच्या खाणीचा ढिगारा वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत आला. दर पावसात त्याची काळी भुकटी आणि खडे वाहून शेतात उतरत. चार-पाच पावसाळ्यांत शेत झाकून गेले. ज्या खाणीने शेत बुडवले तिच्याच ठेकेदाराकडे वडील रोजीने जाऊ लागले. आई खनिज फोडायला आणि निवडायला बसू लागली. मी लहानपणी विचारले की आपण शेतात काही पेरत का नाही, तेव्हा वडील म्हणाले, "ते माती मेली बापू. मेल्या मातीत काय पेरतं?"

पुढे नोकरीसाठी कागदपत्रे गोळा करताना मी सातबाराचा उतारा काढला. आमच्या क्षेत्राच्या बऱ्याच भागापुढे नोंद होती : पोटखराब.

हा शब्द ग्रामीण वाचकांना ठाऊक आहे. लागवडीला अयोग्य असलेले क्षेत्र महसुली दफ्तरात पोटखराब म्हणून दाखवतात. त्यात खडक, नाले, खड्डे येतात. नोंद करणाऱ्याने खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. त्या दिवशी तिथे पीक उभे नव्हतेच. परंतु 'पोटखराब' या शब्दाला भूतकाळ नसतो. जमीन खराब आहे, एवढेच तो सांगतो; ती कधी झाली, कशाने झाली, कोणामुळे झाली, याला त्या रकान्यात जागा नाही. जणू जमीन जन्मतःच तशी होती. माणसांच्या बाबतीत हा न्याय आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. परिस्थितीने लादलेली गोष्ट जन्माच्या खात्यावर टाकायची आणि मग तिलाच स्वभाव म्हणायचे! मातीच्या बाबतीत हा व्यवहार कसा चालतो, तो समजून घेण्यासाठी थोडे विज्ञान समजून घ्यावे लागेल.

माती म्हणजे दगडाचा चुरा नव्हे. चांगल्या मातीचा एक घनफूट घेतला तर त्यातले निम्म्याहून थोडे कमी आकारमान खनिज कणांचे असते. जवळजवळ निम्मी जागा पोकळीची असते आणि तिच्यात पाणी व हवा राहते. कुजलेल्या पालापाचोळ्याचा, म्हणजे सेंद्रिय द्रव्याचा वाटा चार-पाच टक्के भरला तरी पुष्कळ झाला. पण त्या एवढ्याशा वाट्यावर सारा संसार चालतो. अब्जावधी जीवाणू, बुरश्या आणि गांडुळे त्यावर जगतात आणि पिकाला अन्न मोकळे करून देतात. नत्र तर खडकातून जवळजवळ मिळतच नाही. तो हवेत असतो, आणि जीवाणूंनी बांधून दिल्याखेरीज वनस्पतीला घेता येत नाही. ही सारी घडण वरच्या वीतभर थरात असते, आणि तो थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

म्हणून जमिनीची सुपीकता ही एकच एक वस्तू नाही. मातीने पाणी धरले पाहिजे आणि जादा पाणी सोडलेही पाहिजे. मुळांना हवा मिळाली पाहिजे. आम्लता किंवा क्षारता बेताची असली पाहिजे. अन्नद्रव्ये आणि ती शिजवून देणारे जीव असले पाहिजेत. विषारी ठरेल इतके काही साचलेले नसावे. यांतले एक जरी बिघडले तरी शेत उभे राहत नाही. 'मेलेली माती' म्हणताना यांतले नेमके काय बिघडले, हे विचारावे लागते. आजाराचे नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही.

आता खाणीच्या ढिगाऱ्याकडे पाहू. मँगनीज हे खनिज खोलवर असते. त्याच्यापर्यंत पोचायला आधी वरची माती, मग मुरूम, मग खडक काढून बाजूला टाकतात. टाकताना क्रम उलटतो. जी वीतभर जिवंत माती सर्वांत वर होती ती पहिल्यांदा निघते आणि तळाशी गाडली जाते. जो खडक कधी ऊन-पाऊस पाहत नव्हता तो शेवटी निघतो आणि माथ्यावर बसतो. या ढिगाऱ्यात सेंद्रिय द्रव्य नसल्यासारखेच; म्हणून नत्र नाही, जीवाणू नाहीत. खडे मोठे असल्याने पाणी टिकत नाही. उतार तीव्र असल्याने जे बारीक कण असतील ते पावसात खाली वाहतात. जिथे आम्लता वाढते तिथे मँगनीज जास्त विरघळते आणि पिकाला थोडे हवे असणारे तेच द्रव्य अपाय करू लागते. आमच्या शेतावर आले ते हे. वडील माती मेली म्हणत. खरे तर आमची माती त्या भुकटीखाली पुरली गेली होती.

नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात हा उद्योग नवा नाही. मध्य प्रांतात मँगनीज शोधणारी ब्रिटिश मंडळी १८९६ पासून संघटित झाली होती, आणि १९६२ मध्ये त्या खाणींचा मोठा भाग 'मँगनीज ओअर इंडिया'कडे आला. याच पट्ट्यातल्या गुमगाव येथील खाणीच्या ढिगाऱ्यावर नागपूरच्या 'नीरी'ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, एक प्रयोग केला. डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ढिगाऱ्याला कशाची उणीव आहे ते आधी तपासले आणि मग ती भरून काढली. साखर कारखान्यातून निघणारी मळी सेंद्रिय द्रव्य म्हणून घातली. नत्र बांधणारे जीवाणू आणि मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी रोपांच्या मुळाशी सोडली. साग, शिसम, कडुनिंब यांसारखी झाडे लावली. ज्या ढिगाऱ्यावर गवतही धरत नव्हते तिथे झाडोरा उभा राहिला. पाने गळू लागली, ती कुजू लागली, आणि ढिगारा आपली माती आपणच तयार करू लागला. एका कारखान्याचा टाकाऊ माल दुसऱ्या खाणीच्या टाकाऊ मालावर टाकला आणि त्यातून जमीन झाली!

मी पदव्युत्तर वर्गात असताना या प्रयोगाविषयी वाचले, तेव्हा आनंदापेक्षा राग अधिक आला. म्हणजे हे होऊ शकत होते तर! १९८८ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांतही सांगितले होते की खाणीतली वरची माती वेगळी काढावी, ती वाया घालवू नये आणि जमीन पूर्ववत करण्यासाठी वापरावी. २०१७ च्या नव्या नियमांतही ही अट आहे. विज्ञान होते, नियम होता; आमच्या दोन एकरांपर्यंत मात्र दोन्ही पोचले नाहीत. आमच्यापर्यंत पोचला तो 'पोटखराब' हा शेरा.

आता त्या मुलीच्या ढेकळांकडे येऊ. मिठागर ही खाण नव्हे हे खरे. पण दोहोंचे नाते जवळचे आहे. खाणीत जमीन फोडून खनिज काढतात, मिठागरात जमीन चोपून समुद्राकडून खनिज काढतात. राई, मुर्धा, भाईंदर या पट्ट्यात भातखाचरे आणि मिठागरे खाडीकाठी शेजारी शेजारी वाढली. दोन्ही माणसांनी केली. खाजणात बांध घातला, उघाडी बसवली. भरतीचे पाणी अडवून पावसाने जमीन धुऊ दिली तर भात. भरतीचे पाणी आत घेऊन उन्हात आटवले तर मीठ. माती एकच, चिकण काळी. फरक उघाडी कधी उघडायची यात.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा आपल्या खायच्या मिठाचा. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवतात. आधीच्या वाफ्यांत चुना आणि जिप्सम तळाशी बसतात, शेवटच्या वाफ्यांत मीठ धरते, आणि मीठ ओढून घेतल्यावर कडू पाणी उरते. वाफ्याचा तळ पाणी पिऊ लागला तर मीठ मिळणार नाही. म्हणून मजूर तो तळ पायांनी तुडवून आणि चोपून घट्ट करतात. शेतकरी जी पोकळी जपतो तीच इथे मुद्दाम बुजवली जाते. वर्षानुवर्षे तुडवलेली आणि सोडियम प्यायलेली ही माती भाताला नकार देते यात नवल नाही. तिला तसे घडवण्यासाठीच मजुरी दिली गेली होती!

त्या दिवशी वर्गात आम्ही एक साधा प्रयोग केला. वाचकांपैकी शिक्षकांनी तो जरूर करावा, त्याला यंत्र लागत नाही. काचेच्या पेल्यात ऊर्ध्वपातित किंवा स्वच्छ पावसाचे पाणी घ्यायचे आणि वाळलेल्या मातीचा वाटाण्याएवढा खडा त्यात अलगद सोडायचा. पाणी हलवायचे नाही. भातखाचराचा खडा फुटला, पण पाणी निवळ राहिले. मिठागराच्या खड्याभोवती दुधाळ ढग पसरला आणि तो दुसऱ्या दिवशीही बसला नाही. मग आणखी एका पेल्यात तोच खडा सोडला आणि चिमूटभर जिप्सम टाकून ढवळले. हळूहळू माती तळाशी गेली आणि पाणी निवळले.

याचा अर्थ असा. चिकण मातीच्या कणांना कॅल्शियम चिकटलेले असेल तर ते एकमेकांना धरून राहतात. त्यांचे दाणे होतात आणि दाण्यांमध्ये पोकळी राहते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण एकमेकांपासून सुटतात. मातीत क्षार भरपूर आहेत तोवर हे लक्षात येत नाही. पावसाने क्षार धुतले गेले आणि सोडियम मात्र कणांना चिकटून राहिला, की माती पसरते, तिची भोके बुजतात. ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. जिप्सममधले कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावते आणि पावसाचे पाणी त्याला वाहून नेते. गंमत अशी की जिप्सम मिठागराच्याच आधीच्या वाफ्यांत बसलेले असते.

पण घाईने निष्कर्ष काढू नये. किनाऱ्यावरच्या पुष्कळ खार जमिनींत शिंपल्यांचा चुना असतो. तिथे नुसता बांध दुरुस्त केला, चर काढले आणि दोन-तीन पावसाळे जमीन धुऊ दिली तरी काम भागते. म्हणून आधी परीक्षण हवे. शेतात सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती काढावी, एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी. खताचा ढीग, बांध आणि झाडाची सावली टाळावी. अहवालात सामू, सेंद्रिय कर्ब आणि विद्युतवाहकता पाहावी. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता चारच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त म्हणतात. भाताला तर तीनपासूनच त्रास होऊ लागतो. कणांना चिकटलेल्या द्रव्यांत सोडियमचा वाटा पंधरा टक्क्यांवर गेला की जमीन चोपण म्हणायची. हा शेवटचा आकडा नेहमीच्या परीक्षणात येत नाही, तो मागून घ्यावा लागतो. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका देण्याची योजना आहे. ती पत्रिका केवळ घरात ठेवायची नसते, वाचायची असते. खार जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने भाताचे 'पनवेल' नावाने ओळखले जाणारे क्षार सोसणारे वाणही दिलेले आहेत.

म्हणजे ढिगाराही जमीन होऊ शकतो आणि मिठागरही खाचर होऊ शकते. एकाला सेंद्रिय द्रव्य आणि जीव हवेत, दुसऱ्याला कॅल्शियम, निचरा आणि गोडे पाणी हवे. नापीकपणाचे कारण आणि उपाय दोन्ही सांगता येतात. मग ही दुरुस्ती होत का नाही?

या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. त्यात त्यांनी दाखवले की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. त्याच्याशी जोडलेले भांडवल, अवजारे, श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते. सुपीकतेचेही तसेच आहे. सुपीकता मातीत असते तितकीच ती मातीभोवतीच्या व्यवहारातही असते. एकराला काही टन मळी लागते, जिप्सम लागते, बांध लागतो, आणि जमीन सुधारेपर्यंत दोन-तीन वर्षे पोट भरायची सोय लागते. ज्याच्याजवळ हे आहे त्याची जमीन पोटखराब राहत नाही. ज्याच्याजवळ नाही त्याची चांगली जमीनही एक दिवस पोटखराब होते.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग पत्करला. मागणी होती पडीक आणि सरकारी जमिनींची. म्हणजे गावाने टाकलेली जमीनही आम्हांला मागून घ्यावी लागली. जिथे मिळाली तिथे बहुधा जमीन मिळाली, ती सुधारण्याचे साधन मिळाले नाही. माझ्या आजोबांच्या हातात कागद आला; बैल, बांध आणि खत आले नाही. मग काही वर्षांनी हेच लोक म्हणू लागले की यांना जमिनी दिल्या तरी हे कसत नाहीत! शेरा पुन्हा माणसाच्या जन्मावर आला.

आणि आज? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी वापरण्यास मान्यता दिली. पुनर्विकासात धारावीतच घर मिळण्यास जे पात्र ठरत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय. ज्यांना शहराने अपात्र म्हटले त्यांना शहराने निरुपयोगी म्हटलेली जमीन! घर मिळू नये असे कोणता कार्यकर्ता म्हणेल? परंतु मातीचा विद्यार्थी म्हणून मला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. ही सखल, भरतीच्या पातळीजवळची जमीन आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याला पसरायला मोकळी जागा किती लागते हे मुंबईने पाहिले. मिठागरे ही तशी जागा आहेत. खाऱ्या चिकण मातीत पाया खोल न्यावा लागतो आणि क्षार लोखंडी सळ्यांना गंजवतात. ही काळजी कोण घेणार, तिचा खर्च कोण सोसणार आणि पाणी भरले तर ते कोणाच्या घरात भरणार?

इथे माझ्याच विचारातली एक चूक मला दुरुस्त करावी लागते. प्रत्येक जमीन पिकाखाली आणलीच पाहिजे असे मी काही काळ मानत होतो. पण भाताला नकार देणारे मिठागर मेलेले नसते. त्यात मीठ पिकते, पाणथळीचे पक्षी उतरतात, उधाणाचे पाणी विसावते. पीक न देणारी जमीन निरुपयोगी, हे माप महसुलाचे आहे. ते आपण कशाला उचलावे? माणसाची किंमत त्याच्या उत्पन्नावर मोजू नये असे आपण म्हणतो, तर जमिनीविषयीही आधी हे विचारू या की ती काय करते आणि कोणासाठी करते.

म्हणून चळवळीतल्या मित्रांना माझे सांगणे आहे. आपल्या वस्तीतल्या पट्ट्यांचे सातबारे काढा. जिथे पोटखराब लिहिले असेल तिथे म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे कधीपासून? तिथे पूर्वी काय पिकत होते? ती उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. मातीचा नमुना घ्या. खाणपट्टा असेल तर वरची माती कुठे ठेवली आहे ते विचारा. २०१५ पासून खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत, त्यांच्या निधीतून जमीन सुधारण्याची मागणी करा. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे काम द्या. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांनी तर ते अंगावरच घेतले पाहिजे. आमच्या शिक्षणाचा खर्च त्याच मातीतून निघालेला आहे.

ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी तिन्ही पेले बघायला आली. तिने वहीत लिहून घेतले आणि म्हणाली, "सर, म्हणजे ती मेलेली नव्हती. तिला तशी केली होती." मग थोडे थांबून म्हणाली, "आमच्याच आजोबांनी तुडवलीय ती. रोजावर."

मी तिला माझ्या सातबाऱ्याविषयी सांगितले. या मे महिन्यात मी गावी जाणार आहे. वडील आता थकले आहेत. शेतात खणून काळ्या भुकटीखाली आजोबांची माती किती खोलवर आहे ते आम्ही दोघे पाहणार आहोत, आणि दोन्ही थरांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत घालून मी प्रयोगशाळेत आणणार आहे. अहवाल आला की तो अर्जासोबत तहसील कार्यालयात देईन. शेऱ्याचा रकाना लहान असेल, तर जोडपत्र जोडेन.